मौनाच्या घरातले बोलणे : वेंगुर्ल्याजवळील एका रिट्रीटविषयी

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, समुद्रापासून थोडे आत, काजूच्या बागांनी वेढलेल्या एका सड्यावर ख्रिस्ती सिस्टरांचे साधनागृह आहे. राखेच्या बुधवारापूर्वीच्या, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या, आठवड्यांत आणि पुढे त्या उपवासकाळातही तेथे शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत मौनाची रिट्रीट, म्हणजे काही दिवसांची एकांतातली प्रार्थना-साधना, घेतली जाते. घराचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत, आणि तेथील नोंदणी तशीही आपापल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांमार्फतच होते. ज्यांना जायचे आहे त्यांना पत्ता सहज मिळेल. थोडक्यात सांगायचे तर राहण्याची सोय साधी आहे, जेवण उत्तम आहे, प्रवचने गरजेपेक्षा बरीच लांब आहेत, आणि जिभेवर ताबा मिळवण्याची जी साधना हे घर शिकवते ती मात्र इतक्या व्यवस्थितपणे शिकवलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

आपल्याकडे रिट्रीट म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठा मंडप, ध्वनिक्षेपक, गीतगायन आणि साक्षी येतात. त्या पद्धतीलाही तिचे स्थान आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे आयुष्य सावरलेले मी वसईत जवळून पाहिले आहे. मौनाच्या रिट्रीटमध्ये उलट धोका असतो. मौन हे तेथे पुष्कळदा केवळ एक कुंपण ठरते. माणूस गप्प बसतो, विश्रांती घेतो, घरी परततो, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच पूर्वीसारखेच बोलू लागतो. या घराचे वेगळेपण असे की येथे मौनाकडे साधन म्हणून पाहिले जाते आणि बोलणे सुधारणे हे साध्य मानले जाते. देवाशी जवळीक वाढवायची असेल तर ज्या तोंडाने आपण ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणतो, त्याच तोंडाने दिवसभर शेजाऱ्याविषयी काय बोलतो हे आधी तपासले पाहिजे, या एका विचारावर संपूर्ण कार्यक्रम उभा आहे.

पोहोचल्यावर मोबाईल एका लाकडी पेटीत ठेवावे लागतात. पेटीला कुलूप नाही, आणि हे जाणूनबुजून केले आहे असे सांगण्यात आले. मला ते फारसे पटले नाही, कारण शनिवारी दुपारी दोघे-तिघे पेटीपाशी घुटमळताना दिसले. खोल्या जांभ्या दगडाच्या, कौलारू, एकेकट्या माणसासाठी. खाट, टेबल, क्रूस, पाण्याचा तांब्या, एवढेच सामान. गादी पातळ आहे. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी घरून चादर-दुलई न्यावी.

पहिल्या रात्री प्रत्येकाला एक जाडसर कार्ड देतात, आणि या रिट्रीटचे सगळे मर्म माझ्या मते त्या कार्डात आहे. त्यावर दिवसांच्या जोड्या केलेल्या आडव्या रेघा आहेत : प्रत्येक दिवसासाठी दोन, एक दुपारपर्यंतची आणि एक रात्रीपर्यंतची. वर एक मोकळी जागा आहे, तेथे आपण आपला एकच दोष लिहायचा, तोही बोलण्यातला. चहाडी, टोमणा, बढाई, दुसऱ्याचे वाक्य तोडणे, खोटी स्तुती, काहीही चालेल, पण एकच. पद्धत सिस्टरांनी घरी तयार केलेली नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी स्पेनमधील मानरेसा येथे १५२२ पासून लिहायला घेतलेल्या आणि पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ती जशीच्या तशी आहे. सकाळी उठताच त्या दोषाविरुद्ध निश्चय करायचा, दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनच्या एकेका तासाचा हिशेब घ्यायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्री तेच दुसऱ्या रेघेवर. मग दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

मौन पाळणाऱ्या माणसाला बोलण्यातल्या दोषाचे ठिपके कसे द्यायचे, हा प्रश्न कोणीतरी चिठ्ठीवर लिहून विचारला. सिस्टरांचे उत्तर असे होते की ओठ बंद असले तरी मनातले बोलणे थांबत नाही, त्यामुळे मनात तयार झालेला टोमणाही मोजावा. शनिवारी दुपारपर्यंत माझी पहिली रेघ जवळजवळ भरली होती. मला हे लिहिताना त्या साधनेतली आणखी एक बारीक सूचना विशेष महत्त्वाची वाटते : दोष घडल्याचे लक्षात येताच हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही हे करता येते, कोणाला कळत नाही, आणि देवापुढे आपण चूक मान्य केली याची खूण तेवढ्या क्षणी पटते. पाचशे वर्षांपूर्वीची ही युक्ती एखाद्या कसलेल्या शिक्षकाने सांगावी तशी व्यवहारी आहे.

दिवसाचा क्रम प्रार्थनेच्या तासांना बांधलेला आहे. रात्रप्रार्थनेनंतर पूर्ण मौन पाळण्याची चाल संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील मठवासीयांसाठीच्या नियमावलीपासूनची. पहाटे चॅपलमध्ये जमल्यावर त्या रात्रीच्या मौनाचा भंग कोणाच्या ‘गुड मॉर्निंग’ने होत नाही. ओठांवर अंगठ्याने क्रूसाची खूण करून सगळे एकत्र म्हणतात की, प्रभू, माझे ओठ उघड, म्हणजे माझे मुख तुझी स्तुती वर्णील. हे बायबलमधील एक्कावन्नाव्या स्तोत्रातले वचन धर्मगुरू आणि सिस्टर जगभर दिवसाच्या पहिल्या प्रार्थनेत म्हणतात, हे मला माहीत होते. परंतु आदल्या रात्रीपासून खरोखरच एक शब्दही न उच्चारता ते म्हणण्यात जो फरक पडतो तो घरी बसून कळणारा नाही. स्वतःचाच आवाज घोगरा, अनोळखी वाटतो, आणि दिवसाचे पहिले वाक्य मागण्याचे आहे, सांगण्याचे नाही, हे अंगावर येते.

अशा ठिकाणी आल्यावर नेहमीच्या मिस्सामध्येही (चर्चमधील मुख्य उपासनेतही) जिभेची किती आठवण ठेवलेली आहे हे दिसू लागते. पापांगीकारात आपण विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य टाळून केलेल्या पापांची कबुली देतो. शुभवर्तमानाच्या वाचनाआधी कपाळ, ओठ आणि छाती यांवर तीन लहान क्रूस करतो. ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) स्वीकारण्यापूर्वी शुभवर्तमानातल्या त्या रोमी शताधिपतीचे (शंभर सैनिकांच्या नायकाचे) शब्द उसने घेऊन म्हणतो की, मी योग्य नाही, पण तू केवळ शब्द बोल. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेली ही वाक्ये आपण घाईने गिळून टाकतो. येथील सिस्टर मिस्सात प्रत्येक उत्तराआधी श्वासभर थांबायला लावतात. पहिल्या दिवशी ते कृत्रिम वाटले आणि मागच्या बाकावरच्या काही मंडळींनी आपला वेग सोडलाच नाही. रविवारच्या मिस्सापर्यंत मात्र सगळ्यांचा सूर एक झाला होता. ठरलेल्या प्रार्थनांवर ‘पाठांतर’ असा आक्षेप घेतला जातो, आणि निरर्थक बडबड करू नका असे खुद्द येशूनेही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात बजावले आहे. पण त्याच ठिकाणी त्याने लगेच एक ठरलेली प्रार्थना शिकवली आहे, हेही विसरता येत नाही. दुसऱ्याने दिलेले, शतकानुशतके पारखलेले शब्द सावकाश उच्चारत राहिल्याने स्वतःचे शब्द पारखण्याची सवय लागते, असा माझा येथील अनुभव आहे.

जेवणाविषयी थोडे लिहायला हवे. उकड्या तांदळाची पेज सकाळी, दुपारी भात, आमटी, काजूची उसळ, फणसाची भाजी, आणि शनिवारी बांगड्याचे तिखले. शुक्रवारी मांस नाही हे ओघाने आलेच. सिस्टरांनी त्या दिवशी मासळीही टाळली होती, ही त्यांची स्वतःची जादा तपश्चर्या. जेवताना एक सिस्टर संतचरित्र वाचून दाखवतात आणि बाकीचे गप्प जेवतात. बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या अडतिसाव्या अध्यायात असे सांगितले आहे की पंगतीत कोणाला काही मागावे लागू नये इतके एकमेकांकडे लक्ष द्यावे, आणि मागावेच लागले तर खुणेने मागावे. मिठाची खूण सोपी आहे. सोलकढीची खूण कशी करावी यावर आमच्या टेबलावर बराच वेळ हातवारे झाले, आणि शेवटी समोरच्या आजींनी, काही न विचारता, वाटी भरून पुढे सरकवली. न मागता समजून घेण्याचा हा सराव प्रवचनांपेक्षा अधिक शिकवून गेला, असे मी कोणतीही अतिशयोक्ती न करता म्हणेन.

शनिवारी दुपारचे सत्र बायबलमधील संत याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर होते आणि ते एका वयस्क सिस्टरांनी घेतले. हे पत्र कोकणात बसून लिहिले असावे असे वाटण्याजोगी उदाहरणे त्यात आहेत : एवढ्याशा सुकाणूने वळणारे मोठे तारू, ठिणगीने पेटणारे रान, आणि एकाच झऱ्यातून गोडे व कडू पाणी कसे येईल हा प्रश्न. सिस्टरांनी फार काही फुलवून सांगितले नाही. मार्चमध्ये काजूच्या बागांत वणवा कसा शिरतो हे समोर बसलेल्यांतील निम्म्यांना ठाऊक होते, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ झाले की ते प्यायलाही उपयोगी नसते आणि डाळही शिजत नाही, हे सर्वांनाच. देवाची स्तुती आणि देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसांना शाप, दोन्ही एकाच मुखातून निघतात, हे असे असू नये, असे याकोब म्हणतो. तेवढे वाचून सिस्टर पुष्कळ वेळ थांबल्या.

त्यानंतर त्यांनी दहा आज्ञांतील आठव्या आज्ञेकडे, म्हणजे ‘खोटी साक्ष देऊ नको’ हिच्याकडे, लक्ष वळवले. (आमच्यात रत्नागिरीकडचे एक प्रॉटेस्टंट गृहस्थ होते, त्यांच्या गणनेत खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा असल्याने त्यांनी चमकून वर पाहिले, आणि सिस्टरांनी हसून दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले.) खोटे बोलू नये हे कोणालाही पटते. परंतु १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या आज्ञेखाली तीन निराळे दोष सांगितले आहेत : पुरेशा आधाराविना दुसऱ्याचा दोष मनात खरा मानणे, खोटा आळ घेणे, आणि दुसऱ्याची खरी उणीव ज्यांना ती ठाऊक नाही त्यांना रास्त कारणाविना सांगणे. यातला तिसरा दोष ऐकून सभागृहात जी चुळबूळ झाली ती पाहण्यासारखी होती. ‘मी काय खोटे सांगितले?’ हा आपल्या पडवीवरच्या गप्पांचा हुकमी बचाव आहे, आणि येथे नेमका तोच काढून घेतला जातो. गोष्ट खरी आहे एवढ्याने ती सांगण्याचा अधिकार मिळत नाही. सांगितल्याने कोणाचे भले होणार आहे, हेही विचारावे लागते.

परीक्षण लिहिणाऱ्याला हा नियम अडचणीत टाकणारा आहे, म्हणून त्याच कसोटीवर पुढची तक्रार नोंदवते. जो पैसे आणि रजा खर्च करून जाणार आहे त्याला हे आधी कळणे रास्त आहे असे मला वाटते. सकाळ-संध्याकाळची मुख्य प्रवचने बाहेरून आलेल्या एका फादरांकडे होती, आणि ती फार लांबत. फादर अभ्यासू होते, त्यांचा विषयही जीभ आणि संयम हाच होता. पण मौनाच्या घरात एका माणसाने इतका वेळ, तोही ध्वनिक्षेपकावरून, बोलत राहावे हे विसंगत होते. प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी, असे बेनेडिक्ट यांनी विसाव्या अध्यायात म्हटले आहे. प्रवचनालाही तो नियम लावायला हरकत नव्हती. ज्या अगाथोन नावाच्या वाळवंटातील तपस्व्याने मौन अंगी बाणावे म्हणून तीन वर्षे तोंडात खडा धरला असे सांगतात, त्याची गोष्ट फादरांनी रंगवून, अनेक फाटे फोडून सांगितली. घराने ध्वनिक्षेपक तरी बंद ठेवावा. चॅपल लहान आहे; साधा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, हे सिस्टरांच्या सत्रात दिसलेच होते.

पापनिवेदनाची सोय चांगली आहे. दोन फादर शनिवारी दुपारपासून उपलब्ध असतात, कोकणी बोलणाऱ्यांना कोकणीतून कुमसार (पापनिवेदन) करता येते, आणि कोणालाही घाई केली जात नाही. कार्ड बरोबर न्यावे असे सुचवतात. ‘मी वाईट बोलतो’ असे ढोबळ सांगण्याऐवजी कोणाविषयी, कोणापुढे, कशासाठी बोललो हे त्या ठिपक्यांमुळे नेमके सांगता येते, आणि ज्याचे नाव खराब केले त्याच्यासाठी शक्य ती भरपाई करणे हाही प्रायश्चित्ताचा भाग आहे याची आठवण फादर करून देतात. संध्याकाळी अंगणातल्या खुरसासमोर (क्रूसासमोर) आसपासच्या वाडीतले लोक लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) म्हणायला येतात. त्यांचे मौन नसते, त्यांच्या गायनात आपण गप्प उभे राहायचे. हा भाग छापील वेळापत्रकात नाही, पण तो चुकवू नये.

देवाशी जवळीक वाढली का, हा प्रश्न अशा परीक्षणात टाळता येत नाही आणि त्याचे मोजमापही देता येत नाही. एक गोष्ट मात्र निश्चितपणे नोंदवता येते. परमप्रसादाच्या आराधनेच्या, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोर केलेल्या प्रार्थनेच्या, तासात माझे मन एरवी दिवसभरातल्या संभाषणांची पुनरावृत्ती करीत असते. कोणाला काय म्हणायला हवे होते, उद्या काय ऐकवायचे आहे, याची जुळवाजुळव गुडघे टेकलेले असतानाही चालू राहते. रविवारच्या आराधनेत ती पुष्कळ कमी झाली होती. दोन दिवस त्या जुळवाजुळवीवर ठिपके देऊन झाल्यावर ती सुरू होतानाच ओळखू येत होती, आणि ओळखली की बाजूला ठेवता येत होती. उरलेल्या जागेत मी फार काही बोलले नाही. मुखावर पहारा ठेव, ओठांचे दार सांभाळ, हे एकशे एक्केचाळिसाव्या स्तोत्रातले मागणे पुनःपुन्हा म्हटले, आणि ते कोणाला तरी ऐकू जात आहे याविषयी शंका आली नाही. माझ्यासारख्या कोरड्या प्रार्थनेची सवय असलेल्या व्यक्तीसाठी हे थोडे नव्हे.

सोमवारी सकाळी मौन सुटते, आणि ते ज्या रीतीने सोडवले जाते त्यासाठी या घराला पूर्ण गुण द्यावे लागतील. बहुतेक ठिकाणी शेवटचा आशीर्वाद झाला की एकदम गलका उसळतो. येथे जोड्या करतात. आधी इग्नेशियस यांचे एक सूत्र वाचले जाते : दुसऱ्याचे म्हणणे दोषी ठरवण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास चांगल्या ख्रिस्ती माणसाने अधिक तत्पर असावे, अर्थ लागत नसेल तर तुला काय म्हणायचे आहे असे त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने समजवावे. मग दोघांनी आळीपाळीने बोलायचे, एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. माझ्या वाट्याला मालवणकडच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांनी सुरुवातच केली, “फादरांचे प्रवचन म्हणजे अगदी...” आणि तेथेच थांबल्या. हात छातीवर गेला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “उच्चार मात्र स्पष्ट होते हो त्यांचे.” आम्ही दोघीही हसलो, आणि पुढे त्यांनी आपल्या सुनेविषयी जे सांगितले ते मी येथे लिहिणार नाही, एवढेच सांगते की त्यात एकही वाक्य त्या सुनेसमोर म्हणता न येण्याजोगे नव्हते.

आता व्यवहाराचे. देणगीची अपेक्षित रक्कम फलकावर लिहिलेली आहे आणि ती आसपासच्या साध्या लॉजच्या भाड्यापेक्षा कमी पडते. ज्यांना तेवढीही शक्य नाही त्यांनी रिकामा लिफाफा टाकला तरी कोणी विचारत नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्थानकावर उतरून एस.टी.ने वेंगुर्ल्याला आणि तेथून रिक्षाने जावे. शेवटचा चढ दगडी पायऱ्यांचा आहे, कठडा एकाच बाजूला आहे, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी मागच्या कच्च्या रस्त्याने रिक्षा वर आणायला सांगावी. हा रस्ता आहे हे कोणी आपणहून सांगत नाही. फोन क्वचितच उचलला जातो. सहभागी ख्रिस्ती असायलाच हवेत अशी अट नाही, परंतु संपूर्ण कार्यक्रम मिस्सा आणि प्रार्थनेभोवती असल्याने केवळ शांतता हवी असलेल्यांनी किनाऱ्यावरच्या एखाद्या निवासात राहणे बरे. नुकतेच दुःख झालेल्यांनीही आधी सिस्टरांशी बोलून मगच नोंदणी करावी, कारण इतके मौन अशा वेळी जड जाऊ शकते, आणि सिस्टर तसे स्पष्टपणे सांगतात. शक्य असल्यास राखेच्या बुधवारापूर्वीची तारीख घ्यावी. कार्डावर रेघा केवळ रिट्रीटपुरत्या नाहीत, मागच्या बाजूला आणखी काही आठवड्यांच्या आहेत, आणि उपवासकाळ संपेपर्यंत त्या भरत राहाव्यात अशी अपेक्षा असते. जास्तीची कार्डे कार्यालयात विनामूल्य मिळतात, मागून घ्यावीत.